ध्येय कुणाला सांगावं?

जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी, उजाडायच्याही आधी, मुंबईत आझाद मैदानाच्या आसपास छातीवर क्रमांक लावलेल्या माणसांची रीघ लागलेली असते. त्यात बँकेतले अधिकारी असतात, शाळेतल्या बाई असतात, निवृत्त झालेले काका असतात. बक्षिसासाठी धावणारे मूठभर. बाकीच्यांना विचारलं तर दर माणशी वेगळं उत्तर मिळतं. 'हाफ दोन तासांच्या आत.' 'गेल्या वर्षीपेक्षा पाच मिनिटं कमी.' 'पेडर रोडच्या चढावर चालायचं नाही, बस्स.' 'नुसती पुरी झाली तरी गंगेत घोडं न्हालं.' जिममध्येही हेच ऐकू येतं. कुणाला शंभर किलोचा डेडलिफ्ट मारायचा असतो, कुणाला एका दमात दहा पुल-अप्स, तर कुणाला भावाच्या लग्नाआधी आठ किलो उतरवायचे असतात.

पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, मुंबईची २००४ साली, आणि यवतेश्वरच्या घाटातून जाणारी साताऱ्याची हिल मॅरेथॉन २०१२ साली. या काळात हौशी धावपटूंचे गट शहरोशहरी उभे राहिले. पहाटे एकत्र धावायचं, मग चहा-पोहे, आणि त्या टेबलावर पुढच्या शर्यतीच्या गप्पा. कोण काय ठरवतंय, कुणाचा 'लाँग रन' किती झाला, कुणाचा गुडघा बोलू लागलाय, हे सगळं सगळ्यांना ठाऊक असतं. या सांगण्या-ऐकण्याने माणूस खरंच अधिक धावतो का? आणि ते कधी अंगाशी येतं? गेल्या सव्वाशे वर्षांत मानसशास्त्र आणि शरीरशास्त्राने या प्रश्नांची बरीच उत्तरं मिळवली आहेत.

तालमीतली जोड

सोबतीने शरीर कमावणं आपल्याकडे नवं नाही. कोल्हापूरच्या मोतीबाग किंवा गंगावेस तालमीत पहिलवान एकटा मेहनत करत नाही. जोर-बैठका ओळीने चालतात, लढतीच्या सरावाला तोलामोलाची जोड लागते, आणि कुणी किती जोर मारले याकडे वस्तादाचं लक्ष असतं. पहिलवान 'मी महाराष्ट्र केसरी होणार' असं गावभर सांगत फिरत नाही. तालमीतली रोजची विचारणा 'मेहनत झाली का?' एवढीच असते. हा फरक ध्यानात ठेवावा; पुढे त्याचा उपयोग होणार आहे.

लांब पल्ल्याच्या धावण्यालाही आपल्याकडे शंभर वर्षांचा इतिहास आहे. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांत अनवाणी धावणाऱ्या शेतकरी तरुणांचा दम दोराबजी टाटांनी पाहिला आणि हिंदुस्थानचा संघ ऑलिंपिकला पाठवण्याचा त्यांचा विचार पक्का झाला. १९२० साली अँटवर्पला गेलेल्या त्या संघात बेळगावचे फडेप्पा चौगुले होते. तिथली मॅरेथॉन नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब, ४२.७५ किलोमीटरची होती. चौगुल्यांनी ती २ तास ५० मिनिटं ४५ सेकंदांत पुरी केली आणि एकोणिसावा क्रमांक मिळवला. आजही हौशी धावपटूंच्या बहुतेक गटांत तीन तासांच्या आत मॅरेथॉन पुरी करणारा माणूस शोधावा लागतो.

शेजारी कुणी असलं की

सोबतीचा परिणाम मोजण्याचा पहिला गाजलेला प्रयत्न १८९८ सालचा. अमेरिकेत नॉर्मन ट्रिप्लेट याने सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल मारणाऱ्यांपेक्षा दुसऱ्याच्या सोबतीने किंवा चढाओढीत मारणारे वेगवान निघाले. मग त्याने मुलांना मासेमारीच्या गळाची चरखी एकेकट्याने आणि जोडीने फिरवायला लावली. त्या मुलांचे आकडे आजच्या संख्याशास्त्राच्या कसोटीला फारसे टिकत नाहीत. पण प्रश्न योग्य होता आणि तो पुढच्यांनी धरून ठेवला.

१९२०च्या दशकात जर्मनीत ओटो क्योलर याने बर्लिनच्या एका नौकानयन क्लबातल्या तरुणांवर प्रयोग केला. आधी प्रत्येकाने एकट्याने वजन हातांनी वर-खाली करत राहायचं, दमून थांबेपर्यंत. मग दोघांनी मिळून दुप्पट वजनाचा दांडा उचलायचा. एकाने हात टेकले की दुसऱ्याला तो पेलणं अशक्य, म्हणजे जोडी थांबणार ती कमकुवत गड्यामुळे. तेव्हा हाच कमकुवत गडी एकट्याने टिकला होता त्यापेक्षा जास्त वेळ टिकला. त्यातही परिणाम सर्वांत ठळक दिसला तो जोडीदार थोडा सरस असताना. दोघं अगदी बरोबरीचे असले किंवा त्यांच्यात जमीन-अस्मानाचं अंतर असलं, तर फायदा घटला.

जिममध्ये जोडीदार निवडताना हे कामाला येतं. चाळीस किलोचा बेंच प्रेस मारणाऱ्याने पंचेचाळीसवाल्याबरोबर जावं. शंभरवाल्याकडून तंत्र शिकावं, पण रोजची जोडी त्याच्याशी जमवू नये. धावण्यातही किलोमीटरमागे पंधरा-वीस सेकंद पुढे असलेला मित्र उपयोगी. दोन मिनिटं पुढे असलेला मित्र पहिल्या वळणावरच दिसेनासा होतो.

याहून मोठा पुरावा २०१७ साली आला. सिनान अराल आणि ख्रिस्तोस निकोलायडिस या संशोधकांनी जगभरच्या सुमारे ११ लाख धावपटूंच्या घड्याळांतल्या पाच वर्षांच्या नोंदी तपासल्या. अडचण अशी की दोन मित्र सारखंच धावत असतील, तर एकाने दुसऱ्याला ओढलं की दोघं मुळातच सारख्या स्वभावाचे, हे कसं ओळखायचं? त्यांनी पावसाची मदत घेतली. एका शहरात पाऊस पडला की तिथला मित्र कमी धावतो. दुसऱ्या शहरात ऊन असताना त्याचा दोस्तही त्या दिवशी कमी धावला, तर तो मित्राचाच परिणाम म्हणायचा. हिशेब असा निघाला की मित्र एक किलोमीटर जास्त धावला, तर त्याच दिवशी आपण सुमारे ३०० मीटर जास्त धावतो.

याच अभ्यासात आणखी दोन गोष्टी दिसल्या. कमी धावणारे जास्त धावणाऱ्यांना पळवतात, उलट परिणाम तितका होत नाही. मागून कुणी गाठतंय ही जाणीव पुढे कुणी आहे या जाणिवेपेक्षा जास्त टोचते, हे कुठल्याही गटात पाहायला मिळेल. दुसरं म्हणजे पुरुषांवर स्त्री-पुरुष दोघांचाही परिणाम झाला, स्त्रियांवर मात्र फक्त स्त्रियांचा. २०१२ साली मुंबईत सुरू झालेली फक्त स्त्रियांसाठीची 'पिंकॅथॉन' किंवा सोसायटीतल्या बायकांचा पहाटेचा गट यांचं महत्त्व इथे कळतं. नवरा रोज दहा किलोमीटर धावतो म्हणून बायको बूट चढवेलच असं नाही. शेजारीण तीन किलोमीटर धावायला लागली, तर शक्यता बरीच वाढते.

जाहीर संकल्पाचा धोका

एवढं वाचून कुणी म्हणेल, मग सांगूनच टाकावं सगळ्यांना. इथे जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांचे २००९ साली प्रसिद्ध झालेले प्रयोग आडवे येतात. वकील व्हायचं मनावर घेतलेल्या विद्यार्थ्यांनी अभ्यासाबद्दलचे आपले इरादे कागदावर लिहिले. काहींचे इरादे प्रयोगकर्त्याने त्यांच्यासमोर वाचले, काहींचे वाचले गेले नाहीत. नंतर काम दिल्यावर ज्यांचे वाचले गेले होते, त्यांनी कमी मेहनत घेतली. आपला इरादा दुसऱ्याला कळला, एवढ्यानेच आपण अर्धे वकील झालो असं मनाला वाटून जातं.

'मी यंदा फुल मॅरेथॉन करतोय' असं जाहीर केलं की कौतुकाचा वर्षाव होतो. 'ग्रेट!', 'जबरदस्त!' अजून एकही किलोमीटर धावलेलं नसतं, पण धावपटू म्हणून मिळायचा मान आगाऊ पदरात पडलेला असतो. १ जानेवारीला जिमची वर्षाची फी भरून त्याचा फोटो टाकणाऱ्यांपैकी कितीजण मार्चमध्ये दिसतात, हे कुठल्याही ट्रेनरला विचारावं.

याच गोलविट्झर यांनी उपायही अभ्यासला आहे. केव्हा, कुठे आणि काय, हे आधीच बांधून ठेवायचं. 'व्यायाम वाढवणार' असं मोघम बोलण्याऐवजी 'मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसमधून सुटलो की घरी न जाता थेट जिम' असं ठरवायचं. २००२ साली ब्रिटनमध्ये २४८ विद्यार्थ्यांवर याची चाचणी झाली. काहींना नुसती नोंद ठेवायला सांगितली, काहींना व्यायामाचे फायदे पटवून दिले. या दोन्ही गटांत आठवड्यातून एकदा तरी व्यायाम करणारे ३५ ते ३८ टक्के निघाले. फायदे सांगण्याबरोबर दिवस, वेळ आणि जागा लिहून घेतलेल्या तिसऱ्या गटात ते ९१ टक्के होते. नुसत्या उपदेशाने आकडा हललाही नाही. वेळापत्रकाने तो दुपटीच्या पुढे नेला.

तालमीतल्या 'मेहनत झाली का?' या प्रश्नाची ताकद इथे आहे. तो प्रश्न स्वप्नाची चौकशी करत नाही, आजच्या कामाची करतो.

गोल आकड्यांची भुरळ

ध्येयात आकडा हवाच. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांच्या दीर्घ संशोधनातून हे पक्कं झालं आहे की 'जमेल तेवढं कर' यापेक्षा नेमकं आणि जरा अवघड लक्ष्य माणसाकडून जास्त काम करून घेतं. मात्र आकडा कुठून आला, हे तपासून घ्यावं.

मॅरेथॉन पुरी केलेल्यांच्या सुमारे ९८ लाख वेळा काही अर्थशास्त्रज्ञांनी आलेखावर मांडल्या. साडेतीन, चार, साडेचार तास अशा गोल आकड्यांच्या किंचित आधी माणसांचे ढीग दिसले आणि लगेच पुढे खड्डे. शरीराच्या दृष्टीने ३ तास ५९ मिनिटं आणि ४ तास १ मिनिट यांत काही फरक नसतो. तरी चार तास चुकणार नाहीत असं दिसताच दमलेला माणूस शेवटच्या दोन किलोमीटरांत पाय उचलतो. गोल आकडा ताकद देतो ती अशी.

पण तोच आकडा फसवतोही. दिवसाला दहा हजार पावलांचं लक्ष्य घ्या. १९६५ साली जपानमध्ये बाजारात आलेल्या पावलं मोजण्याच्या एका यंत्राचं नावच 'दहा हजार पावलं मोजणारं' असं होतं. तिथून हा आकडा जगभर पसरला. तो कुठल्या वैद्यकीय अभ्यासाने ठरवलेला नव्हता. '२२० वजा वय' हे कमाल हृदयगतीचं सूत्र १९७१ सालचं, मोजक्या अभ्यासांवर ओढलेल्या अंदाजाच्या रेषेचं. २००१ साली आलेलं सुधारित सूत्र म्हणतं, वयाला ०.७ ने गुणा आणि २०८ मधून वजा करा. पन्नाशीतल्या माणसाला पहिलं १७० देतं, दुसरं १७३. खऱ्या माणसाचा आकडा दोन्हींपासून दहा-बारा ठोक्यांनी सहज इकडेतिकडे असू शकतो. म्हणून घड्याळाचा लाल पट्टा पाहून घाबरण्याआधी सोपी परीक्षा करावी. धावताना पुरं वाक्य बोलता येतंय का? न्यूझीलंडचे प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑकलंडमध्ये मध्यमवयीन लोकांना धावायला लावलं ते याच बेताने. गप्पा मारत धावायचं. बोलणं तुटलं की वेग जास्त झाला. गटाचा हा फायदा क्वचितच कुणी सांगतं: सोबत बोलणारं कुणी असलं की सोपा दिवस सोपाच राहतो.

गटाचं वेळापत्रक आणि आपलं शरीर

सोबतीची खरी जोखीम इथे सुरू होते. ध्येय एकमेकांकडून उचलता येतं, पण स्नायू, कंडरा आणि हाडं प्रत्येकाची आपापल्या गतीने घडतात.

नवखा माणूस जिममध्ये पहिल्या काही आठवड्यांत भराभर वजन वाढवतो. ही वाढ बरीचशी मज्जासंस्थेची असते. मेंदू असलेल्याच स्नायूंना अधिक चांगल्या रीतीने कामाला लावायला शिकतो. स्नायू जाड व्हायला पुढे वेळ लागतो आणि कंडरांना त्याहून जास्त. पाय म्हणतात पळ, पण टाचेमागची कंडरा अजून तयार नसते. डेडलिफ्टचा आकडा मित्राच्या आकड्याला गाठायला निघालेल्यांच्या कमरा धरतात त्या याच काळात.

'तीन सेट, दहा रेप्स' हा मंत्रही तपासून पाहावा. त्याचं मूळ १९४०च्या दशकात आहे. अमेरिकी लष्कराच्या रुग्णालयात थॉमस डिलॉर्म हा डॉक्टर जखमी सैनिकांचे गुडघे मजबूत करण्यासाठी हळूहळू वजन वाढवत नेई. दर माणसाला झेपेल तेवढ्यापासून सुरुवात आणि जमेल तसं पुढे, हा त्याच्या पद्धतीचा गाभा. जिमच्या भिंतीवर सेट आणि रेप्स उरले, 'दर माणसाला झेपेल तेवढं' गळून पडलं.

धावणाऱ्यांत 'आठवड्याला दहा टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नका' असा नियम फिरतो. २००८ साली नेदरलँड्समध्ये नवशिक्यांवर तो तपासला, तेव्हा नियम पाळणारे आणि नेहमीची योजना पाळणारे, दोन्ही गटांत पाचातला एक जण जायबंदी झाला. २०२५ साली पाच हजारांहून जास्त धावपटूंच्या नोंदींवरून वेगळंच चित्र पुढे आलं. घात करते ती एखादीच धाव, मागच्या तीस दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा दहा टक्क्यांहून जास्त लांबलेली. तुमची लांबातली लांब धाव बारा किलोमीटरची असेल आणि रविवारी गट अठराला निघाला असेल, तर तेराच्या आसपास थांबून रिक्षा करावी. यात कमीपणा काही नाही.

पुढचा प्रश्न इंधनाचा. धावताना साधारण दर किलोमीटरला वजनाच्या दर किलोमागे एक कॅलरी जळते. साठ किलोच्या माणसाला पूर्ण मॅरेथॉनसाठी अडीच हजार कॅलरी लागतात. स्नायू आणि यकृतात साठवलेलं ग्लायकोजेन दोन हजारांच्या आसपास पुरतं. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय शिशाचे का होतात, हे या वजाबाकीतून समजतं. सुरुवातीला मित्राच्या वेगाने धावलं की हा साठा आणखी लवकर संपतो, कारण वेग जितका जास्त तितका चरबीऐवजी ग्लायकोजेनचा वाटा मोठा.

पाण्याचंही तसंच. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या ४८८ धावपटूंपैकी १३ टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम घसरलेलं होतं, आणि शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी प्यालेल्यांना धोका सर्वांत जास्त होता. प्रत्येक टेबलावर 'पी, पी' म्हणणाऱ्या मित्राचं ऐकण्यापेक्षा तहानेचं ऐकावं.

हृदयाबद्दलची भीती मोठी असते, म्हणून आकडा देतो. अमेरिकेत २००० ते २०१० या काळात मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन धावलेल्या सुमारे १ कोटी ९ लाख जणांत ५९ जणांचं हृदय बंद पडलं आणि त्यातले ४२ दगावले. प्रमाण अगदी कमी, पण शून्य नाही. पूर्ण मॅरेथॉनमध्ये आणि पुरुषांत ते जास्त होतं. चाळिशी ओलांडलेल्याने, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्याने, घरात लहान वयात हृदयविकाराचा इतिहास असलेल्याने आधी डॉक्टरांना भेटावं. धावताना छातीत दाब वाटला की शर्यत तिथेच संपली असं समजावं. सोबत्यांनीही 'थोडंच राहिलंय' म्हणू नये.

काय सांगावं, काय राखावं

धावण्याच्या नोंदी जगासमोर ठेवायची सोय आता हातातल्या घड्याळातच आहे. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये 'स्ट्राव्हा' या अॅपने प्रसिद्ध केलेल्या जगाच्या नकाशावर अफगाणिस्तान आणि सीरियातल्या लष्करी तळांच्या रेषा उजळून दिसल्या, कारण सैनिक घड्याळ लावून तळाभोवती धावत होते. सैनिकांचं जे झालं ते आपल्या दाराशीही होऊ शकतं. रोज पहाटे साडेपाचला कुठल्या फाटकातून बाई एकटी निघते, हे अनोळखी माणसाला कळण्याचं कारण नाही. अॅपच्या सेटिंगमध्ये धावेची सुरुवात आणि शेवट झाकायची सोय असते. ती आजच चालू करावी.

उरलेला सल्ला थोडक्यात मांडता येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढाला आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोराचा व्यायाम पुरतो, शिवाय दोन दिवस स्नायूंची ताकद वाढवणारं काम. धावणाऱ्याने जिमकडे आणि जिमवाल्याने धावण्याकडे पाठ फिरवू नये, एवढाच याचा अर्थ. मॅरेथॉन ही त्यापुढची हौस आहे. आरोग्यासाठी ती सक्तीची नाही.

शर्यतीची वेळ किंवा वजनाचा मोठा आकडा आपल्यापाशी आणि फार तर प्रशिक्षकापाशी ठेवा. गावाला सांगायचं असेल तर झालेलं काम सांगा: आज किती, कुठे, कसं वाटलं. आपल्याहून थोडा पुढचा एक जोडीदार निवडा, त्याच्याशी आठवड्याचे दोन दिवस आणि वेळ पक्की करा, आणि उरलेले दिवस आपल्या शरीराच्या हिशेबाने चाला. नवा माणूस गटात आला, तर त्याला तुमची सर्वोत्तम वेळ ऐकवू नका. 'परवा सकाळी साडेपाचला येतोस का?' एवढंच विचारा.